स्वतःच्याच पैशांची उधारी

सिबिल बिघडलेल्या माणसालाही क्रेडिट कार्ड मिळतं. अट एवढीच, की जितकी उधारी हवी निदान तितके पैसे त्याने आधी बँकेत ठेवायचे. २५,००० रुपयांची मुदत ठेव करायची, बँकेने ती अडकवून ठेवायची आणि त्या बदल्यात २०,००० रुपये खर्चायची मुभा असलेलं कार्ड हातावर ठेवायचं. मग दर महिन्याला बिल, तारीख चुकली की दंड, थकलं की व्याज. आणि हे सगळं आपल्याच पैशांच्या जिवावर. असा व्यवहार करणारा माणूस एक तर भोळा असेल नाही तर अडलेला, असं कुणालाही वाटेल. भोसरी एमआयडीसीत सीएनसी मशीन चालवणारे जे गृहस्थ मला आपलं असं कार्ड दाखवत होते, ते भोळे अजिबात नव्हते.

"सर, मला उधारी नकोच आहे," ते म्हणाले. "मी वेळेवर पैसे भरतो हे कुणीतरी लिहून घ्यायला पाहिजे. त्यासाठी केलंय हे सगळं."

वय ४४, मूळ गाव बार्शीकडे. नाव छापू नका म्हणाले. कारखान्यात कळलं तर चेष्टा होते. त्यांचं पहिलं कार्ड २०१७ सालचं. चिंचवडच्या एका मॉलमध्ये सरकत्या जिन्याशी टेबल मांडून टाय लावलेला एक पोरगा उभा होता. "लाइफटाइम फ्री आहे सर, वापरू नका, नुसतं ठेवून द्या." मर्यादा ६०,००० रुपये. तीन वर्षं काही बिघडलं नाही. किराणा, मुलीचं दप्तर, दिवाळीला गावी जायचं तर ट्रॅव्हल्सचं तिकीट. बिल आलं की पूर्ण भरायचं. २०२० च्या सुरुवातीला आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्याच महिन्यात फ्रिज बंद पडला. मार्चमध्ये कार्डावर ३८,००० रुपये होते. मग लॉकडाऊन लागला. कारखाना बंद, पुढे पगार निम्मा.

रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० ला तीन महिन्यांची हप्तेसवलत जाहीर केली आणि नंतर ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. चाळीचाळींतून तिचा अर्थ 'हप्ते माफ' असा पोचला. खरं तर हप्ते पुढे ढकलले होते आणि व्याज चालू होतं. गृहकर्जवाल्याचं ८ टक्क्यांनी चालू होतं, कार्डवाल्याचं ४० टक्क्यांच्या आसपास. या गृहस्थांना हा फरक सप्टेंबरच्या बिलात दिसला. तोवर पगार पूर्ववत झाला नव्हता आणि मग त्यांनी बिलं उघडणंच सोडून दिलं. हे सोडून देणं मला पुढे इतक्या जणांकडून ऐकायला मिळालं, की कर्ज थकण्याची खरी सुरुवात तिथेच होत असावी असं वाटतं. पैसे नसतात हे खरंच. पण त्याच्या जोडीला ते पाकीट, तो मेसेज, तो फोन नकोसा होतो.

फेब्रुवारी २०२१ पर्यंत बँकेची मागणी ६९,००० वर गेली होती. वसुलीवाला रोज फोन करायचा, एकदा कारखान्याच्या गेटवर येऊन उभा राहिला. शेवटी त्यानेच मार्ग सुचवला: "सेटलमेंट करून टाका. २८,००० भरा, विषय संपला." दोन टप्प्यांत पैसे भरले. बँकेचं पत्र आलं, त्यावर पूर्ण आणि अंतिम तडजोड झाल्याचं लिहिलं होतं. बायकोने ते पत्र देवघराच्या खणात ठेवलं.

२०२४ मध्ये मोशीला वन बीएचके बघितला. बिल्डरच्या ऑफिसात कर्जाचं बघणारा मुलगा होता. त्याने पॅन नंबर टाकला, ओटीपी विचारला आणि स्क्रीन बघून म्हणाला, "काका, तुमचं सिबिल उडालंय." आकडा होता ५६१.

* * *

तो अहवाल त्यांनी झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतला होता. स्टेपल केलेला, कोपरे मुडपलेले, काही ओळींखाली पेनाने रेघा. आकडा सगळे बघतात. आतली पानं फारसं कुणी वाचत नाही. म्हणून आम्ही ती ओळीने वाचली.

वर ३०० ते ९०० ची पट्टी आणि त्यात ५६१. बँका साधारण ७५० च्या पुढच्याला बरं म्हणतात. खाली त्यांचं नाव तीन तऱ्हांनी आलेलं: एकदा आडनाव आधी, एकदा वडिलांच्या नावासकट, एकदा स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. पत्त्यांमध्ये कासारवाडीची कधीच सोडलेली खोली होती आणि गावचं घर. पुढे खाती. २०१४ चं मोटरसायकलचं कर्ज, एक सोनेतारण, मोबाइलसाठी घेतलेलं छोटं कर्ज आणि ते कार्ड.

प्रत्येक खात्याखाली महिन्यांचे चौकोन असतात. चौकोनात तीन आकडे. '०००' म्हणजे त्या महिन्यात एकही दिवस थकबाकी नाही. इंग्रजी 'एक्स' तीनदा असेल तर त्या महिन्याची माहिती बँकेने पाठवलीच नाही. मोटरसायकलच्या कर्जाखाली शून्यांची रांग लागली होती, कुठे खाडाखोड नाही. कार्डाखालीही बराच काळ तशीच. मग ०३०, ०६१, ०९१, १२२. माणूस किती दिवस फोन टाळत होता ते चौकोनात मोजलेलं. त्यानंतर चौकोन संपतात आणि एक शब्द येतो: 'सेटल्ड'. शेजारी २८,००० आणि सोडून दिलेले ४१,००० रुपये.

गृहस्थांना वाटत होतं सेटल्ड म्हणजे मिटलं. कर्ज देणाऱ्याच्या लेखी त्याचा अर्थ असा, की हा माणूस ताणलं तर कमी पैशांवर तोड करतो. पूर्ण फेडलेल्या खात्यापुढे 'क्लोज्ड' लागतं आणि तो वेगळा शेरा आहे. वसुलीवाल्याने हा फरक सांगितला नाही. त्याचं कमिशन तोड होण्यावर होतं. तडजोडीच्या पत्रातही त्याचा उल्लेख नव्हता. जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तडजोडींची जी चौकट घालून दिली, तिच्यात तडजोड केलेल्याला त्याच संस्थेने पुन्हा कर्ज देण्याआधी किमान १२ महिने थांबावं असं आहे. ही मुदत फक्त कर्ज देणाऱ्या संस्थेपुरती. शेरा मात्र सगळ्यांना दिसतो, आणि माहिती कंपन्यांनी अशा नोंदी कमीत कमी सात वर्षं ठेवायच्या असतात.

शेवटच्या पानावर चौकशांची यादी. बिल्डरकडच्या मुलाने एका आठवड्यात पाच ठिकाणी फाइल टाकली होती. कुठेतरी लागेल, या हिशेबाने. प्रत्येक ठिकाणाहून अहवाल मागवला गेला आणि प्रत्येक मागणीची नोंद झाली. आठवड्यात पाच जणांकडे पैसे मागणारा माणूस, असं ते पान सांगत होतं. आकडा नेमका कुठल्या सूत्राने निघतो हे या कंपन्या जाहीर करत नाहीत. कशाकशाकडे बघतात ते मात्र सांगतात: हप्ते वेळेवर गेले का, मर्यादेतला किती भाग वापरला, खाती किती जुनी आणि कुठल्या प्रकारची, अलीकडे किती ठिकाणी हात पसरला. पगार, बँकेतली शिल्लक, गावची जमीन यांचा त्यात संबंध नाही. गृहस्थांना याचंच जास्त आश्चर्य वाटलं. "म्हणजे माझा पगार वाढला तरी आकडा तोच?" हो, तोच.

* * *

'सिबिल' हे एका कंपनीचं नाव आहे, ऑगस्ट २००० मध्ये स्थापन झालेल्या. २००५ साली पतमाहिती कंपन्यांसाठी वेगळा कायदा झाला आणि आज अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क. चौघींचे आकडे एकाच माणसाबद्दल वेगवेगळे निघू शकतात. तरी बोलण्यात सगळ्यांचं सिबिलच असतं, आणि ते आता बँकेबाहेरही बोलण्यात आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मूर्तिजापूरची बातमी सगळीकडे झळकली. ठरत आलेलं लग्न मुलीच्या मामाने मुलाचं सिबिल बघायला मागितलं म्हणून मोडलं. मुलावर बरीच कर्जं निघाली. लोक हसले. मला त्या मामाचं फारसं चुकलं असं वाटलं नाही. पूर्वी गावात जाऊन चौकशी करायचे, आता पॅन नंबर मागतात. त्याच वर्षी जूनमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने स्टेट बँकेने एका उमेदवाराची नेमणूक पतअहवालावरून रद्द केली ते योग्य ठरवलं. तेव्हा बिघडलेला आकडा कर्जापुरता राहिलेला नाही.

आणि कार्ड देणारे हात आखडले आहेत. देशातल्या क्रेडिट कार्डांची संख्या २०२४ च्या सुरुवातीला १० कोटींच्या वर गेली; त्याआधीच, नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांच्या कार्डाच्या येण्यावरचं जोखीमभारांकन १२५ वरून १५० टक्क्यांवर नेलं. म्हणजे विनातारण उधारी देताना बँकेला स्वतःचं भांडवल जास्त बाजूला ठेवावं लागतं. ज्याचा आकडा सहाशेच्या खाली आहे त्याच्याकडे मॉलमधला पोरगाही आता बघत नाही. त्याच्यासाठी दार उरतं ते ठेवीवरच्या कार्डाचं.

निगडीच्या एका बँकेच्या शाखेतल्या अधिकारी बाईंनी ते मला समजावून सांगितलं. काउंटरवरची गर्दी ओसरेपर्यंत थांबा म्हणाल्या आणि मग फॉर्मच पुढे केला. "यात सिबिल बघतो का, तर बघतो. पण नाकारायला नाही. ठेव आमच्याकडे असल्यावर भीती कसली?"

ठेवीच्या साधारण ७५ ते १०० टक्के मर्यादा मिळते. ठेवीवर लिएन लागतं. कार्ड चालू आहे तोवर ती मोडता येत नाही, व्याज मात्र नेहमीसारखं मिळत राहतं. एसबीआय कार्डाचं 'उन्नती' २५,००० च्या ठेवीपासून मिळत आलं आहे. काही खासगी बँका त्याहून कमी ठेवीवरही देतात. बाहेरून बघितलं तर हे कार्ड इतर कार्डांसारखंच. दुकानदाराला कळत नाही, आणि रुपे असेल तर २०२२ पासून यूपीआयलाही जोडता येतं, म्हणजे चहाच्या टपरीवरच्या क्यूआरवर चालतं. पतमाहिती कंपन्यांकडे त्याचे चौकोन भरले जातात. सगळा खटाटोप त्या चौकोनांसाठी.

"फॉर्म भरताना लोक काय विचारतात?" मी विचारलं.

"सिबिल कधी वाढेल हे विचारतात. मी सांगते, वर्षभर तरी बघू नका. दुसरं विचारतात, बिल भरलं नाही तर ठेवीतून कापून घ्याल ना? त्यांना वाटतं ती सोय आहे." बाई हसल्या. "कापून घेतोच. पण त्याआधी थकबाकी वर गेलेली असते. म्हणजे ठेवही गेली आणि सिबिलही गेलं."

हिशेब त्यांनीच पाठकोऱ्या चलनावर करून दाखवला. ठेवीवर ७ टक्क्यांच्या आसपास व्याज मिळतं. त्याच ठेवीच्या जोरावर घेतलेली उधारी थकली, तर कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के धरा, वर्षाला ४२. २०,००० थकले तर पहिल्या महिन्याचं व्याज ७००, त्यावर १८ टक्के जीएसटी १२६, झाले ८२६. 'किमान देय' ५ टक्के धरलं तर १,००० रुपये. भरणाऱ्याला वाटतं हजार रुपये फेडले. मुद्दल कमी होतं १७४ ने. शिवाय पूर्ण बिल न भरल्यामुळे पुढच्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत जाते आणि मग दुधाच्या पिशवीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. या दरांवर कुणाचा चाप आहे का? राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांच्या वरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला तो निकाल रद्द केला. त्यामुळे आज चाप नाही.

बाईंचा सल्ला मी जसाच्या तसा देतो, कारण जाहिरातीत तो नसतो. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कार्ड वापरू नका. २०,००० ची मर्यादा असेल तर सहा हजारांच्या आत. बिल बनायच्या तारखेला जी बाकी असते, सहसा तीच कळवली जाते. म्हणून जास्त वापरलंच असेल तर बिल बनायच्या आधीच थोडे भरून टाका. एखादाच नेहमीचा खर्च कार्डावर टाका, गॅस किंवा मोबाइल रिचार्ज, आणि पूर्ण बिल खात्यातून आपोआप वळतं होईल असं करून ठेवा. एटीएममधून या कार्डाने रोख कधीच काढू नका. त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

भोसरीच्या गृहस्थांनी नेमकं हेच केलं. कार्डावर घरचा गॅस आणि दोन मोबाइल, बास. ऑगस्ट २०२४ मध्ये कार्ड आलं. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना या चौकोनांतली माहिती महिन्यातून एकदा न देता दर पंधरवड्याला द्यावी लागू लागली. त्यामुळे चांगलं जसं लवकर दिसतं, तसं वाईटही.

* * *

सगळ्यांचं सिबिल कार्डाने बिघडत नाही. आपल्याकडचा जुना मार्ग जामीन राहण्याचा.

सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शिक्षिकेने निवृत्तीला चार वर्षं असताना पहिल्यांदा क्रेडिट कार्डासाठी अर्ज केला. मुलगा बंगळुरूला, ऑनलाइन तिकिटं काढायला बरं पडेल म्हणून. अर्ज फेटाळला गेला. त्यांनी आयुष्यात एकदाच कर्ज घेतलं होतं, घराचं, आणि ते मुदतीआधी फेडलं होतं. अहवाल काढला तेव्हा एका नागरी सहकारी बँकेतलं सहा लाखांचं कर्ज निघालं. त्यांच्या नावापुढे 'जामीनदार'. कर्जदार सहकारी शिक्षक. स्टाफरूममध्ये सगळे एकमेकांना सह्या देतात तशी त्यांनी दिली होती. सरांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि हप्ते थांबले.

"नाही म्हणता येत नाही हो," बाई म्हणाल्या. "पंधरा वर्षं एका टेबलावर डबा खाल्लाय. कसं म्हणणार?"

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे आणि त्याचं १२८ वं कलम स्पष्ट आहे: वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. म्हणजे बँकेने आधी कर्जदाराच्या मागे लागावं, मग जामीनदाराच्या, अशी रांग नसते. सहकारी संस्थांच्या कर्जात तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या १०१ व्या कलमाखाली वसुलीचा दाखला निघतो आणि त्यात जामीनदारांची नावं असतात. हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं. सिबिलमध्येही आपलं नाव लागतं, हे मात्र सही करताना कुणी सांगत नाही.

शिक्षिकेने आता निवृत्तीच्या पैशांतली एक छोटी ठेव बाजूला काढून तिच्यावर कार्ड घेतलं आहे. तिकिटं निघतात. पण जामीनकीची नोंद कार्डाने पुसली जात नाही. शेजारी नव्या नोंदी येतात, इतकंच. ती पुसायची तर सरांनी हप्ते भरायला हवेत किंवा बाईंनी. सर हल्ली फोन उचलत नाहीत.

तिसरा प्रकार निव्वळ चुकीचा. आपल्याकडे एका तालुक्यात एकाच नावाचे किती पाटील आणि किती शिंदे असतात याचा विचार करा. त्यात वडिलांचं नाव कुठे लिहिलेलं, कुठे गाळलेलं. दुसऱ्याचं कर्ज आपल्या अहवालात येतं, फेडलेलं कर्ज चालू दिसतं, कधी आपल्या पॅनवर कुणीतरी अॅपवरून चार हजार उचललेले असतात. अशा वेळी ठेव करून कार्ड घेणं म्हणजे ताप न बघता गोळी घेणं. आधी अहवाल काढावा. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा असा नियम २०१७ पासून आहे. चूक दिसली तर कंपनीकडे तक्रार करायची. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू झाला. त्या ३० दिवसांपैकी पहिल्या २१ दिवसांत बँकेने आपलं उत्तर द्यायचं असतं, म्हणजे कंपनी 'बँकेने कळवलं नाही' म्हणते आणि बँक 'कंपनीकडे विचारा' म्हणते तेव्हा घोळ कुणाकडे आहे हे ठरवता येतं. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पतमाहिती कंपन्याही १ सप्टेंबर २०२२ पासून लोकपाल योजनेत आहेत. चौकशीचा क्रमांक १४४४८.

हे सगळं फुकट असताना पिंपरीपासून कोल्हापूरपर्यंत विजेच्या खांबांवर 'सिबिल दुरुस्त करून मिळेल' अशी पत्रकं का लागतात? कारण ऑनलाइन अर्ज इंग्रजीत असतो आणि माणूस घाबरलेला असतो. अशा एका 'दुरुस्ती'वाल्याच्या केबिनमध्ये मी बसलो. टेबलावर दोन मोबाइल, भिंतीवर ९०० चं मोठं वर्तुळ. दर ८,००० पासून. काय करता, विचारलं तर म्हणाला, "डिस्प्यूट टाकतो, फॉलोअप घेतो." म्हणजे तोच फुकटचा अर्ज. खरी असलेली थकबाकी काढून टाकता येते का? "बघावं लागतं," म्हणाला. काढता येत नाही. कंपनीही काढू शकत नाही, फक्त कर्ज देणाऱ्याने दुरुस्त माहिती पाठवली तरच नोंद बदलते. गिऱ्हाईक मात्र आपलं पॅन, आधार आणि ओटीपी त्याच्या हाती देऊन गेलेलं असतं. आठ हजारांपेक्षा मला त्याची जास्त काळजी वाटते.

* * *

या चौकोनांमध्ये काय भरलं जात नाही, हेही बघायला हवं. भोसरीच्या गृहस्थांची ११ वर्षं एक भिशी आहे. २० जण, महिन्याला प्रत्येकी २,०००. लॉकडाऊनमध्ये कार्डाचे हप्ते चुकले त्या महिन्यांतही भिशीचा त्यांचा हप्ता गेलेला आहे. बायकोने माहेरच्या बांगड्या गहाण ठेवल्या होत्या. "भिशी चुकवली तर तोंड कसं दाखवणार? बँकवाल्याला कोण ओळखतं?" गावाकडच्या पतसंस्थेत भावाबरोबर घेतलेलं विहिरीचं कर्जही त्यांनी वेळेत फेडलं. बहुतेक पतसंस्थांचे हप्ते या अहवालांत येत नाहीत; त्या सहकार खात्याखाली येतात, रिझर्व्ह बँकेखाली नाही. म्हणजे ओळखीच्या माणसांपुढे त्यांनी जे जपलं ते कुठेच लिहिलं गेलं नाही, आणि ओळख नसलेल्या ठिकाणी जे चुकलं ते महिन्यामहिन्याने लिहिलं गेलं.

पीककर्जाच्या वेळी हेच पुन्हा दिसतं. दर खरिपाला शाखांमध्ये सिबिलवरून वाद होतात, आणि देवेंद्र फडणवीसांनी राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकांत पीककर्जाला सिबिलची सक्ती करू नका असं बँकांना वारंवार बजावलं आहे. शाखेत काय होतं ते मॅनेजर सांगत नाही, शेतकरी सांगतो: "नाही म्हणत नाहीत, उद्या या म्हणतात." ज्यांची नोंदच नाही त्यांच्याबद्दल केंद्रीय अर्थराज्यमंत्री पंकज चौधरी यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत सांगितलं, की पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ पूर्वनोंद नाही म्हणून नाकारू नये आणि रिझर्व्ह बँकेने किमान आकडा असा कुठला ठरवलेला नाही. कोऱ्या पाटीला हा दिलासा आहे. डाग पडलेल्याला नाही. माझ्या मते गृहिणी, विद्यार्थी, नुकतंच दुकान टाकलेला पोरगा यांनी ठेवीवरचं कार्ड घ्यावं. त्यांना ते लवकर फळतं. बिघडलेल्या माणसाने घ्यावं का, हे त्याचा डाग कसला आहे त्यावर ठरतं. थकबाकी अजून चालू असेल तर ठेवीला पैसे लावण्याआधी ती फेडावी. नवं कार्ड कितीही नीट चालवलं तरी शेजारच्या खात्यात दिवस मोजले जात असतील, तर दोन्ही एकाच पानावर दिसतात.

भोसरीच्या गृहस्थांचा आकडा २०२५ च्या दिवाळीआधी बघितला तेव्हा ६६८ होता. मोशीच्या फ्लॅटला तो पुरत नाही. बँकेने तोंडी सांगितलं, 'सेटल्ड' आहे तोवर फाइल वर जाणार नाही. त्यांनी जुन्या बँकेला पत्र लिहून विचारलं, की सोडून दिलेली रक्कम आता भरली तर शेरा बदलेल का. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं: ४१,००० भरा, ना-देय प्रमाणपत्र देऊ आणि खातं 'क्लोज्ड' म्हणून कळवू. मी त्यांना एवढंच सांगितलं, की शेरा बदलून देण्याची मुदत आधी लेखी घ्या, मग पैसे भरा.

त्या पैशांसाठी ठेव मोडायची तर कार्ड बंद करावं लागेल. येणंबाकी नसेल तर अर्जानंतर सात कामकाजाच्या दिवसांत बँकेला कार्ड बंद करावंच लागतं, नाही तर दिवसाला ५०० रुपये तिने द्यायचे. पण मग चौदा महिन्यांचं चालू खातं थांबतं. त्यापेक्षा भिशी लवकर उचलावी, असं त्यांच्या मनात आहे. बायकोचा त्याला विरोध.

"अहो, ते पैसे बँकेनेच सोडले होते ना?" त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "आता परत कशाला द्यायचे? त्यात पोरीची क्लासची फी होते."

"फी यंदाची होते. घर?"

"घर भाड्याचं आहे की."

भिशीचा नंबर फेब्रुवारीत लागतो. कारखान्याचा बोनस त्याआधी येईल, पण तो किती ते अजून नोटीस बोर्डावर लागलेलं नाही.